दोन लाटांमधले महिने

मिरजेहून सुटलेली गाडी कृष्णेच्या पुलावर येते तेव्हा खिडकीतून खाली बघा. ऑक्टोबर १९१८ चा दुसरा आठवडा आहे. पावसाने या साली मध्येच पाठ फिरवली, त्यामुळे नदीचं पात्र आत ओढलंय. काठावर एकाच वेळी चार-पाच ठिकाणी धूर उठतोय. तुमच्या शेजारी बसलेला माणूस तिकडं बघत नाही. तो मुंबईच्या गिरणीतून गावी निघालाय. दुपारच्या उन्हातही त्याने अंगावर घोंगडं ओढून घेतलंय, आणि तो खोकतोय.

तुम्ही उतरता त्या स्टेशनच्या पाटीवर ‘शिरोळ रोड’ लिहिलंय. आज ज्याला तुम्ही जयसिंगपूर म्हणता, ती कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने आखलेली पेठ अजून नीट वसायची आहे. सरळ रेषेत कापलेल्या गल्ल्या आणि त्यांचे नंबर, तंबाखूची वखार, शेंगांच्या पोत्यांची थप्पी, हे सगळं पुढचं. सध्या फलाट आहे, मास्तरची खोली आहे आणि शिरोळकडे जाणारी मातीची वाट आहे.

घोंगडंवाल्याच्या मागं चाला. वाटेत तो दोनदा खाली बसतो. दारात पोचल्यावर त्याची आई त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकते, कारण पोरगं कितीतरी दिवसांनी घरी आलंय. दोन दिवसांनी तिलाच उठवत नाही. तिसऱ्या दिवशी सून झोपते.

सुनेच्या उशाशी बसा. वय पंचविशीच्या आतलं. कपाळाला हात लावला तर चटका बसावा असा ताप. श्वास आखूड, बरगड्या वर ओढणारा. ओठांचा रंग जांभळाकडे झुकलाय, नखांचाही. शरीरातला ऑक्सिजन उतरल्याची ही खूण तुम्ही लगेच ओळखता, पण बोटाला लावून तो मोजायचं यंत्र या काळात जगात कुठंच नाही. वैद्याने आल्या-तुळशीचा काढा दिलाय. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात डॉ. वानलेस आहेत, पण या तापावर औषध त्यांच्याकडेही नाही. हा आजार ज्याच्यामुळे होतो तो विषाणू माणसाच्या घशातून वेगळा काढायला १९३३ साल उजाडावं लागणार आहे. सासू वाचते. सून वाचत नाही. या साथीने म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाची राबती माणसं जास्त नेली, आणि त्यातही बायका अधिक. आजाऱ्याला पाणी पाजायला रात्रभर त्याच बसल्या होत्या.

आता चावडीत चला. याच वर्षी महाराजांनी कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमलेत, त्यामुळे दप्तरावरचं अक्षर नवं आहे. मृत्यूंचं पान उघडा. एकाखाली एक नावं, आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: ताप. हिवतापाने गेलेला, विषमज्वराने गेलेला आणि ही सून, तिघंही त्याच शब्दाखाली. शिरोळचा ताप आणि मुंबईचा ताप एकच आहे, हे या पानावरून कुणालाही कळणार नाही. पुढे अभ्यासक अंदाज बांधतील, की हिंदुस्थानात या साथीत सव्वा कोटी ते दोन कोटी माणसं गेली, नुसत्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर. दोन अंदाजांत पाऊण कोटी माणसांचा फरक पडतो, तो अशा पानांमुळे.

पण मला तुम्हाला दाखवायचाय तो ऑक्टोबर नव्हे. तुम्हाला काळात मागं सरकता येतंय, तर चार महिने मागं या.

१० जून १९१८ ला मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे सात पोलीस तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. पाठोपाठ गोदी कामगार, कचेऱ्या, गिरण्या. महिनाभर शहर खोकलं आणि जुलैत साथ ओसरली. बहुतेक माणसं चार दिवसांत बरी झाली, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. सप्टेंबरमध्ये तीच साथ परत आली ती माणसं मारणारी होऊन. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली.

मधल्या ऑगस्टमध्ये शिरोळ रोडच्या फलाटावर उभे राहा. कुणी खोकत नाही. बायका नागपंचमीच्या झोक्याची गाणी म्हणतायत. मास्तरच्या खोलीत तारेचं यंत्र टकटकतंय. त्या तारेवरून गाडी किती उशिरा आहे ते येतं, धान्याचे भाव येतात. मुंबईत कसला ताप येऊन गेला, तो परत आला तर कसा ओळखायचा, आजारी माणसाला वेगळं कसं ठेवायचं, हे त्या तारेवरून येत नाही, कारण ते पाठवायचं काम कुणाच्याच अंगावर नाही. वीस वर्षांपूर्वी प्लेगात याच मुलखातल्या माणसांनी गावं रिकामी करून रानात झोपड्या घातल्या होत्या. आजाऱ्याला वेगळं ठेवायची अक्कल गावाला होती. तार होती. चार महिनेही होते. ज्याला ही तिन्ही एकत्र बांधायची होती तो माणूस तेवढा नव्हता.

प्रत्येक साथीला असे मधले महिने मिळतात. दिसायला ते रिकामे असतात, आणि साथ आपल्यातली किती माणसं नेणार हे बहुतेक त्यांच्यातच ठरतं.

पुढची काही दशकं पटकन ओलांडू. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघालं, तीच १९७८ पासूनची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, जिला आपण एनआयव्ही म्हणतो. त्याच १९५२ साली जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूवर जगभर नजर ठेवणारं प्रयोगशाळांचं जाळं विणायला घेतलं. १९५७ चा आशियाई फ्लू आला तेव्हा आपल्या देशात सुमारे ४४ लाख आजारी मोजले गेले. १९१८ च्या चावडीतून आलेल्या तुम्हाला या आकड्याचं अप्रूप वाटायला हवं. कुणीतरी मोजत होतं.

ऑगस्ट २००९ मध्ये मात्र क्षणभर जयसिंगपूरच्या एसटी स्टँडवर थांबा. पुण्याची गाडी लागते आणि उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल आहे. ३ ऑगस्टला पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतलाय. शाळा बंद, नायडू रुग्णालयापुढं रांगा, घशातले नमुने सगळे एनआयव्हीकडे. गणपती तेवीस तारखेला आहेत आणि पुण्यात शिकणारी पोरं आठवडाभर आधीच घरी निघालीत. त्यांच्या आया दारातच विचारतात, “खोकला न्हाई न्हवं?” तरीही या वेळी सरकारजवळ टॅमीफ्लूच्या गोळ्यांचा साठा आहे. तीन वर्षांपूर्वी नंदुरबारच्या नवापुरात कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला होता. माणसांत तो पसरला तर काय, या काळजीपोटी साठा करायला सुरुवात झाली होती. कोंबड्यांसाठी केलेली तयारी माणसांच्या कामी आली. मधल्या महिन्यांत केलेलं काम असं भलत्याच ठिकाणी उपयोगी पडतं.

फेब्रुवारी २०२१. जयसिंगपूरचा क्रांती चौक.

हा काळ तुम्ही जगलेला आहात, म्हणून इथं जास्त नीट बघा. मास्क हनुवटीवर उतरलेत. लग्नाच्या बस्त्यासाठी दुकानं भरलीत. जानेवारीत ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्या गुलालाचे डाग अजून शर्टांवर आहेत. लस सुरू झालीय, पण आरोग्य कर्मचारी आणि पुढच्या फळीतल्यांपुरती. कोविड सेंटरसाठी घेतलेल्या इमारती परत केल्या गेल्यात, गाद्या गुंडाळून एका खोलीत रचल्यात. एका आशाताईंच्या घरी चला. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांनी घरोघर फिरून भरलेली वही फडताळावर आहे. शेजारी ऑक्सिमीटर आहे, त्याचे सेल संपलेत. नवे सेल कुणी द्यायचे हे ठरलेलं नाही. कुणी विचारलेलंही नाही, कारण कुणी आजारी नाही.

या वेळी विदर्भातल्या नमुन्यांत बी.१.६१७ नावाचा बदललेला विषाणू सापडू लागलाय. त्याच कुळातल्या एका प्रकाराला पुढं डेल्टा म्हणतील. विषाणूचं जनुकीय वाचन करणाऱ्या प्रयोगशाळांचं इन्साकॉग हे जाळं डिसेंबरात उभं राहिलंय. म्हणजे १९१८ च्या मानाने आपण फार पुढं आलोय: कृष्णाकाठी माणूस आजारी पडायच्या आधी अमरावतीकडचा विषाणू ओळखला जातोय. मात्र प्रयोगशाळेतली ती बातमी फडताळावरच्या त्या वहीपर्यंत कुणी आणत नाही. बातमी आली असती तर सेल आले असते, गाद्या परत उलगडल्या असत्या, ऑक्सिजनची सोय एप्रिलऐवजी फेब्रुवारीत झाली असती. एप्रिल-मेमध्ये काय झालं ते मी सांगायची गरज नाही. तुमच्या गल्लीतलं कोण गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि मग तेवीस जुलै. बाकीचं राज्य मोकळं होत होतं, पण कोल्हापूर जिल्ह्यात बाधितांचं प्रमाण खाली यायला तयार नव्हतं, निर्बंध चालूच होते. त्यात कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही पात्राबाहेर आल्या. शिरोळ तालुक्याला पूर नवा नाही. २००५ आणि २०१९ अंगावर काढलेली ही माणसं. नृसिंहवाडी, कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर, औरवाडची माणसं उंचावर सरकायला लागली, जनावरांसकट.

जयसिंगपूर उंचावर आहे. इथल्या एका शाळेच्या वर्गात उभे राहा. बाकं भिंतीला लावलीत, मध्ये सतरंज्या. एका खोलीत पाच कुटुंबं. पत्र्यावर पाऊस इतका वाजतोय की बोलणं ओरडून करावं लागतंय, आणि ओरडायचं तर मास्क खाली ओढावा लागतो. दारात टेबल मांडून एक नर्सबाई अँटिजेन टेस्ट करतायत. ट्रॅक्टरमधून उतरलेली एक आज्जी नाकात काडी घालू द्यायला तयार नाही.

“घर बुडालं, म्हस कुठं बांधलीया ठावं न्हाई, आन तू नाकात काय घालतीस?”

“आज्जी, आत तान्ही लेकरं हाईत. तुमच्यापास्नं त्यांस्नी नको.”

आज्जी गप्प होते आणि मान वर करते. काडी आत जाते, डोळ्यांतून पाणी येतं. पंधरा मिनिटं तिला व्हरांड्यात बसवतात. पट्टीवर एकच रेघ उमटते. तिच्या मागून आलेल्या माणसाच्या पट्टीवर दोन उमटतात, आणि आता प्रश्न पडतो की त्याला ठेवायचं कुठं. नर्सबाई ग्रंथालयाची खोली उघडायला लावतात. खिडक्या उघड्या, पुस्तकांची कपाटं मागं सरकवलेली, एक खाट. हे त्यांना कुठल्या परिपत्रकाने सांगितलेलं नव्हतं. २०१९ च्या पुरात त्या अशाच शाळेत होत्या, आणि पुढच्या वेळी कोणती खोली वेगळी काढायची हे त्यांनी तेव्हाच मनात धरून ठेवलं होतं. श्वसनाच्या आजाराची पूर्वतयारी म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी ही खोली दाखवीन.

चला, आजच्या दिवसात या. गल्ल्यांमधून फिरा. दर चार घरांमागे दवाखान्याची पाटी आहे. या गावात डॉक्टर कमी नाहीत. देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालू आहे. आरोग्य सेविका संशयितांची नोंद करते ती ‘एस’, डॉक्टर करतो ती ‘पी’, प्रयोगशाळा करते ती ‘एल’. पूर्वी कागद भरून जायचे, २०२१ पासून मोबाइलवर आणि पोर्टलवर. दहा दिवसांच्या आत सुरू झालेला खोकला आणि १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर ती फ्लूसदृश आजाराची नोंद. त्याच माणसाला दाखल करावं लागलं तर ती ‘सारी’ची, म्हणजे तीव्र श्वसनसंसर्गाची. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीच्या बातम्यांनी घबराट उडाली तेव्हा हीच नोंदवही कामाला आली. तो विषाणू नवा नव्हता. २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये तो ओळखला गेला होता आणि आपल्याकडेही लहान मुलांत या बातम्यांच्या कितीतरी आधीपासून सापडत होता. सारीचे आकडे वाढलेले नाहीत हे सरकार छातीठोकपणे सांगू शकलं, कारण आकडे होते. घबराट आवरायलाही नोंद लागते.

पण जयसिंगपुरात ही नोंद तीन ठिकाणी गळते, आणि ते बोलायला हवं. पहिली गळती खासगी दवाखान्यांत. ताप आला की माणूस सरकारी दवाखान्यात जाण्याआधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. त्या डॉक्टरांपुढं सकाळी चाळीस माणसं बसलेली असतात, फॉर्म भरायला हात मोकळा नसतो. दुसरी गळती नदीवर आहे. इथला माणूस अत्यवस्थ झाला की त्याला सहसा कोल्हापूरला कुणी नेत नाही, पूल ओलांडून मिरज-सांगलीला नेतात. तो जिल्हा वेगळा. केसपेपरवर पत्ता नीट लिहिला नाही तर शिरोळ तालुक्यातला आजार सांगलीच्या आकड्यात जिरतो. तालुक्याच्या पलीकडच्या अंगाला तर राज्यच बदलतं, कागवाडच्या बाजूने उपचारासाठी ये-जा रोजची आहे.

तिसऱ्या गळतीसाठी तुम्हाला थोडं पुढं, येत्या एखाद्या नोव्हेंबरात न्यायचंय. शेतकऱ्यांची ऊस परिषद होऊन गेलीय, साखर कारखान्यांची धुराडी पेटलीत. फडाच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या आहेत, बीडकडून आलेल्या. पहाटे चारला माणसं फडात जातात. कोपीत नऊ वर्षांची बहीण सात महिन्यांच्या भावाला सांभाळते. बाळाची छाती श्वासागणिक आत ओढली जातेय. या कोपीचा नंबर कुठल्याच आशाताईंच्या वहीत नाही, कारण वही गावातल्या घरांची असते आणि कोपी हे घर नाही. साथ नेमकी इथून सुरू झाली तर ती दिसणार कधी? मुकादमाचा मुलगा आजारी पडेल तेव्हा.

आता हाच प्रसंग दुसऱ्या तऱ्हेने बघा. कारखान्याने हंगामाच्या आधी कोप्यांची यादी आरोग्य केंद्राला दिलीय. आशाताई आठवड्यातून एकदा फडावर येतात. बाळाचे श्वास मिनिटभर मोजतात, तासाभरात गाडी बोलावतात. रुग्णालयात बाळाच्या घशातून काडी फिरवून ती गुलाबी द्रावणाच्या नळीत मोडून टाकतात, नळी तीन वेष्टनांत, वेष्टन बर्फाच्या डब्यात, डबा प्रयोगशाळेकडे. तिथं ओळख पटली नाही तर पुढं पुण्याला एनआयव्हीत. त्याच आठवड्यात जवळच्या पोल्ट्रीत पाचपन्नास पक्षी अचानक मेले असतील तर मालक ते ओढ्यात न फेकता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवतो, आणि पक्ष्यांचे नमुने पुण्यामार्गे भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मरून पडले, तेव्हा बर्ड फ्लू ओळखला गेला तो असाच. बाळ आणि पक्षी या दोन नोंदी एका टेबलावर शेजारी-शेजारी ठेवणारा माणूस तालुक्यात असणं, ही १९१८ च्या फलाटावर नसलेली गोष्ट आहे.

यासाठी लागणारा पैसा फार मोठा नाही. आशाताईंना वेळेवर मानधन लागतं. २०२३ च्या अखेरीस आणि पुन्हा २०२४ च्या सुरुवातीला त्यांना राज्यभर संपावर जावं लागलं. ज्या बाईच्या वहीवर सगळ्या देशाची पाळत उभी आहे, तिला तिचे पैसे मागायला रस्त्यावर बसावं लागतं, हे मला अजिबात मान्य नाही.

आता तुमच्याकडे काय मागायचं ते सांगतो. घरात पासष्टीच्या पुढचं, दम्याचं किंवा मधुमेहाचं माणूस असेल तर पावसाळ्याआधी त्याच्या फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. ती दर वर्षी घ्यावी लागते. ताप आणि खोकला असेपर्यंत लग्नाला, नृसिंहवाडीच्या पौर्णिमेला, शाळेला जाऊ नका. दारात आशाताई आल्या तर “आमच्यात सगळं बरंय” म्हणून वाटेला लावू नका, खरं ते सांगा. मिरजेला माणूस दाखल केलात तर केसपेपरवर गाव, तालुका आणि जिल्हा पुरा लिहून घ्या. डॉक्टर असाल तर रात्री दवाखाना बंद करण्याआधी आजच्या तापांची नोंद भरा. आणि सरपंच, नगरसेवक किंवा मुख्याध्यापक असाल तर कुणी आजारी नसताना, याच आठवड्यात, आपल्या इमारतीतली कोणती खोली वेगळी निघेल ते ठरवून तिची किल्ली कुणाकडे आहे ते लिहून ठेवा.